रंग मागंल तेवढं पाणी

आमच्या दुकानामागे राहणाऱ्या खडूवाल्या मामांनी मला फसवलं, हे मी आधीच लिहून ठेवतो. शाळेच्या फाटकाबाहेर पेन्सिली विकत विकत मी चित्रकलेच्या सामानाचं दुकान उभं केलं. सोलापुरात मला गंडवणारा दुसरा माणूस अजून भेटलेला नाही.

आणि चित्रकारांसाठी हाताने पेस्टलचे रंगीत खडू वळणारा असा माणूसही दुसरा नसेल. तरुणपणी ते चादरींचं सूत रंगवायचे, त्यामुळे नुसतं 'लाल' म्हटलेलं त्यांना शिवीसारखं लागतं. "कंचा लाल? पिकल्या मिरचीचा का वाळल्या?" असं दरडावून त्यांनी माझी चांगली गिऱ्हाइकं पळवून लावली आहेत. प्रत्येक नवी कांडी ते घरातल्या भिंतीवर ओढतात आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐकतात. करकरली, की पुन्हा कुटायची. पाहुण्याला त्या भिंतीला टेकू देत नाहीत. त्याच्या शर्टाची नव्हे, भिंतीची काळजी! कांड्या बाजेखाली सावलीत वाळतात, आणि वाऱ्याने तडकू नयेत म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद.

घामाघूम मामांना पाहून मी सौदा टाकला: मी कूलर देतो, तुम्ही विद्या द्या, सगळ्या रंगांची. मामा लगेच 'व्हय' म्हणाले. कूलर दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडे गेला. मी वही उघडली. खडूची पूड, रंगाची पूड, डिंकाचं पाणी.

"पाणी किती?"

"रंग मागंल तेवढं."

"मामा, माप सांगा!"

"निळा कमी पितो, गेरू लई पितो. माप कुटलं सांगू?"

माझ्या कांड्यांचा एक तर दगड झाला, नाहीतर भुगा. मी भडकलो, "तुम्ही काहीतरी लपवताय!" त्यांनी शांतपणे माझा हात धरून आपल्या मळलेल्या रंगाच्या गोळ्यात दाबला.

"कळलं?"

"काय कळायचंय?"

"मग उद्या या की, शेठ."

असे तीन वर्षं 'उद्या' झाले आणि मला रंग आले तीन: गेरू, काळा, पिवळा. त्यात आता साखरेच्या आजाराने मामांच्या बोटांना ओल कळेनाशी झाली आहे. परवा त्यांनी मोरपिशी गोळा मळता मळता हात थांबवला आणि तो माझ्यापुढे सरकवला.

"तुमी बघा. झालाय का?"

गोळा गार होता, मऊ होता, आणि मला काहीच सांगत नव्हता. मी ओरडलो नाही, हे पहिल्यांदाच.

सौदा सगळ्या रंगांचा ठरला होता, मामा. तीनच देऊन तुम्ही बोटं मुकी कशी होऊ दिलीत? बाकीचे मी कुणाचा हात धरून शिकायचे? जबाब तुम्हीच द्यायचाय.