वाढणारी खिडकी

...तर चहा तसाच निवला आणि टाचणी पडद्याकडे बघतच राहिली. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर तिचं काम धाडकन कोसळलं होतं!

टाचणी म्हणजे या घरची थोरली सून. कुणाचीही चूक नेमकी टोचते म्हणून माहेरी पडलेलं नाव, ते सासरीही चिकटलं. एका प्रोग्रामिंग भाषेबरोबर जी अवजारांची पेटी सगळ्यांना मिळते, ती राखणाऱ्या मंडळींतली ती एक. मास्तर त्यांतले सगळ्यांत जुने. त्यांनी तपासल्याशिवाय पेटीत काही जात नाही.

या पेटीत एक भारी सोय होती, बरं का. मोठी फाइल सगळी वाचत बसायची नाही, मेमरीतून तिच्यावर खिडकीच उघडायची. खिडकीतून बघा, हात घालून बदला, बदल थेट फाइलीत! पण फाइल वाढली तरी खिडकी आपली तेवढीच. मग बंद करा, पुन्हा उघडा. हवामान केंद्रात काम करणारी धाकटी नणंद याच कटकटीनं जेरीस आली होती, कारण तिथली नोंदींची फाइल दिवसभर फुगतच असते. "वहिनी, पेटी तुझ्या हातात आणि आमचे हे हाल?" हा टोमणा जेवताना ठरलेला. शेवटी टाचणीनं शब्द दिला आणि हिवाळाभर खपून वाढणारी खिडकी केली.

तिच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत खिडकीशेजारची जागा नेहमी मोकळी, त्यामुळे खिडकी जागच्या जागी रुंदावायची. मास्तरांकडे शेजार भरलेला. तिथं सिस्टिमनं खिडकी उचलून भलतीकडेच नेली. आणि जुन्या खिडकीतून फाइलीचा एखादा तुकडा वाचायला धरून बसलेला प्रोग्राम? त्याच्या बुडाखालची जमीनच गेली! जगाच्या चुका टोचणाऱ्या बाईला नेमकं हेच सुचलं नव्हतं.

पेटीच्या नव्या आवृत्तीची दारं त्याच संध्याकाळी बंद होणार होती. हुकलं तर वर्षभर थांबा.

"माझ्याकडे तर झकास चालतंय," नणंद म्हणाली. "घाल की आत!"

"तुमचं चालतंय, बाईसाहेब. बाकीच्यांना वाऱ्यावर सोडू?"

"म्हणजे माझं पुन्हा तेच, बंद करा नि उघडा?" नणंदेचं तोंड एवढंसं झालं.

टाचणीनं गार चहा एका दमात संपवला आणि मान खाली घालून कामाला लागली. खिडकीपाशी तिनं राखणदार बसवला. वाढवण्याआधी कुणी तुकडा धरलाय का बघायचं, धरला असेल तर सरळ नकार द्यायचा. मग नणंदेला शेजारी बसवून तिच्याही प्रोग्राममध्ये, तुकडा वापरून झाला की सोडायचा, हे लिहून घेतलं. टेबलावरचं ऊन हलायच्या आत सगळं मास्तरांकडे रवाना!

थोड्या वेळानं मास्तरांचा फोन आला. "आता कोसळत नाही. पण पोरी, वाढणारी खिडकी म्हणायचं आणि ऐन वेळी नकार द्यायचा? लोक नावं ठेवतील. त्यांना सांगू काय?"

टाचणी नणंदेकडे बघून हसली. "सांगा, आत कुणी बसलेलं असताना मी घर हलवत नाही. आधी त्याला उठवा, मग मला हाक मारा. खिडकी हवी तेवढी वाढवून देते."