अस्वलाला कसली थंडी

शीतगृहात काम करणाऱ्या माणसांना एकमेकांचे चेहरे धड दिसत नाहीत. डोक्यावर कानटोपी, तोंडाला फडकं, अंगात जाड अस्तराचा कोट. माणूस ओळखायचा तो चालीवरून, नाहीतर हाकेवरून. त्यांतल्या एकाला सगळे अस्वल म्हणत. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात तो लोण्याच्या खोक्यांच्या खोलीत कोट न घालता, नुसत्या स्वेटरवर शिरला आणि काम उरकून शिट्टी वाजवत बाहेर आला. मुकादम म्हणाला, "हे अस्वल कुठून पकडून आणलंत?" झालं, नाव चिकटलं. दात कडाकडा वाजत होते आणि ते लपवायलाच तो शिट्टी वाजवत होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शीतगृहाच्या दाराशी एक टीचभर खोली होती. तिला सगळे 'शेक' म्हणत. आत विजेचा एक हीटर आणि त्याच्यासमोर एक बाकडं. गारठ्यात काम करणाऱ्याने मधूनमधून बाहेर येऊन तिथे अंग शेकायचं, असा नियम. बाकडं लहान, म्हणून नंबर लावायचे. पण चार पुरुष एकत्र आले की साध्या नियमाचीही मर्दुमकी करून ठेवतात. आपला नंबर दुसऱ्याला देईल तो खरा गडी, अशी तिथली समजूत होऊन बसली होती. आणि देण्यात अस्वल सगळ्यांच्या पुढे. "घे रे, माझा नंबर तू घे. मला उकडतं तिथे." मग हशा, पाठीवर थाप. एवढ्यावर गडी खूष. त्या थापेला काय ऊब असते? पण तरुणपणी माणूस कशावरही भागवतो. इतकी वर्षं त्याने नंबर दिले, पण 'आज तू बस' असं त्याला कधी कुणी म्हटलं नाही. म्हणतील तरी का? अस्वलाला कसली थंडी!

पुढे लग्न झालं, मुलगा झाला आणि घरात एक हीटर आला. दोन सळयांचा, पुढे तारेची जाळी, उचलायला वर कडी. हिवाळ्यात पहिल्यांदा लावला की वर्षभराची धूळ जळल्याचा वास घरभर सुटायचा. घर जुनं आणि वायरिंग त्याहून जुनं. दुसरा हीटर लावला की फ्यूज गेलाच म्हणून समजा. म्हणून घरात हीटर एकच, आणि तो आज कुठे लावायचा हे रोज ठरायचं. तान्ह्या मुलाजवळ, मग शाळेच्या अभ्यासाजवळ, मग बायकोच्या सांधेदुखीजवळ. अस्वलाजवळ कधीच नाही. तो स्वतःच कडी धरून हीटर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचा.

खरं काय ते एकटी बायको ओळखून होती. रात्री पांघरुणात त्याचे बर्फासारखे पाय तिच्या पोटऱ्यांना लागले की ती दचकायची. "म्हणे अस्वल! अहो, पाय आहेत की बर्फाच्या लाद्या?" असं म्हणायची आणि आपले पाय काही काढून घ्यायची नाही. बाहेर मात्र तिने कधी बभ्रा केला नाही. नवऱ्याचा तोरा तिला ठाऊक होता, आणि थोडा आवडतही असावा. ती गेली, आणि अस्वलालाही थंडी वाजते हे माहीत असलेलं जगातलं एकमेव माणूस गेलं.

आता अस्वल निवृत्त. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, सून घरीच शिवणकाम करते. कपडे उसवणं, कमी-जास्त करणं, चेन बदलणं. हात चांगला म्हणून दिवसभर बायकांची रीघ. मशीन हॉलमध्ये. तिथेच बायका कपडे घालून बघणार, म्हणजे म्हाताऱ्याने आपल्या खोलीत दार लावून बसणं आलंच. ते कुणी त्याला सांगितलं नाही, त्यालाच कळलं. हीटर दिवसा हॉलमध्ये. संध्याकाळी मुलगा आला की नवराबायकोच्या खोलीत. आणि हीटर जाईल तिथे पक्ष्यांचा पिंजरा जाणार, कारण सुनेने हौसेने आणलेल्या हिरव्या-पिवळ्या दोन पक्ष्यांना गारठा बाधतो, असं दुकानदाराने बजावलं होतं.

म्हाताऱ्याची खोली घराच्या मागच्या अंगाला. तिथे ऊन फिरकत नाही. खिडकीच्या फटीत त्याने कागदाचे बोळे कोंबले होते. शर्टाच्या आत तो दोन-दोन बनियन घालायचा, पण शाल काही पांघरायचा नाही. शाल पांघरली की मुलगा विचारणार, "बाबा, बरं नाही का?" मग बोलण्यातून बोलणं निघणार. आल्यागेल्याला मुलगा अभिमानाने सांगायचा, "आमच्या बाबांनी जन्म बर्फात काढला. त्यांना थंडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही." पाहुणे कौतुकाने बघायचे. म्हातारा दाराजवळच्या खुर्चीवर बसून हसायचा. दार उघडं असलं तरी हसायचा.

शीतगृहाने निवृत्तीच्या वेळी दिलेला जाड अस्तराचा कोट होता, तोही गेला. सुनेने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही तर हा घालतच नाही. पिंजऱ्याला याचं पांघरूण शिवू का? रात्रीचं टाकता येईल." विचारलं होतं हो, न विचारता नव्हता घेतला. म्हातारा म्हणाला, "शिव की. मला काय करायचाय?" असं हे तोंड! कोट हवा असला तरी तोंड आपलं अस्वलाचंच बोलत राहिलं.

मग एकदा हवा ढगाळली आणि धुतलेले कपडे वाळेनात. दोरी म्हाताऱ्याच्याच खोलीत बांधली होती, कारण ओल्या कपड्यांचा दमटपणा त्याला बाधत नाही असं गृहीत होतं. दुपारी बायकांची वर्दळ थांबल्यावर सून हीटर घेऊन आली. कपड्यांपासून हातभर लांब ठेवला, दोन्ही सळया लावल्या आणि म्हणाली, "बाबा, तेवढं लक्ष ठेवा. कापड जवळ जायला नको. तुम्हाला उकडेल जरा, पण वाळेपर्यंत सोसा."

"सोसतो की," म्हातारा म्हणाला.

सून गेली. सळया आधी काळ्या, मग विटकरी, मग लालबुंद झाल्या. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. मग अजून थोडी. ऊब आधी गुडघ्यांत शिरली, मग बोटांच्या सांध्यांत, आणि त्याला एकदम रडूच आलं. आपल्याला इतकी थंडी वाजत होती, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तो नुसता तळवे पुढे धरून बसला. जन्मात पहिल्यांदा त्याने आपला नंबर स्वतः घेतला होता.

कपडे वाळले आणि हीटर गेला.

पुढच्या खेपेला म्हाताऱ्याने युक्ती केली. टॉवेल वाळत आले की मगातलं पाणी त्यांवर शिंपडायचं. सून येऊन चाचपायची. "अजून ओलेच? कमाल आहे बाई!" आणि हीटर तसाच राहायचा. म्हातारा मनात खुदकन हसायचा. चोरी केल्याचा आनंदही त्याला बऱ्याच वर्षांनी मिळत होता. पण युक्ती अंगाशी आली. कपडे वाळतच नाहीत म्हणून सून वैतागली आणि सगळं धुणं लॉन्ड्रीत द्यायला लागली. दोरी रिकामी झाली. हीटरला त्या खोलीत यायचं कारणच उरलं नाही.

आता शहाण्या माणसाने काय करावं? तोंड उघडावं, 'मला थंडी वाजते' म्हणावं. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी सगळा जन्म खोटा पडणार होता. अस्वलाचं तोंड उघडलं नाही. त्याऐवजी त्याने उशाशी ठेवलेला पाण्याचा जग आपल्याच गादीवर ओतला.

"अगं, जग सांडला माझ्याकडून," त्याने हाक मारली. सून चुकचुकली. गादी उभी करून तिच्यासमोर हीटर लावला. दुपार सुखात गेली. काही दिवसांनी जग पुन्हा सांडला. "हात कापतो हल्ली," म्हातारा म्हणाला. पुन्हा हीटर आला.

तिसऱ्यांदा त्याने गादीवर पाणी ओतलं आणि मग तहान लागली म्हणून जग न्हाणीघरातून भरून आणून उशाशी ठेवला. एवढ्यात सून आली.

"सांडला बघ पुन्हा," म्हातारा म्हणाला.

सुनेने ओल्या गादीकडे पाहिलं. मग काठोकाठ भरलेल्या जगाकडे. मग सासऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथे दया होती. "असू दे बाबा," ती हळूच म्हणाली, गादीसमोर हीटर आणून लावला आणि चादर दोन बोटांनी उचलून घेऊन गेली. तिला काय वाटलं, ते म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं तेव्हा दार लागलं होतं. कानशिलं तापली. इतक्या दिवसांत त्याला फुकट मिळालेली ऊब तेवढीच.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो थेट वडिलांच्या खोलीत. कपडेही न बदलता पलंगाच्या कडेला बसला. हाताला ग्रीसचा वास होता.

"बाबा, यात लाजायचं काही नसतं. वय झालं की ताबा राहत नाही."

"अरे, तसं काही नाही."

"ठीक आहे, नाही तर नाही. पण एक करू. तुमची झोपायची जागा बदलू. न्हाणीघराला लागून गॅलरी आहे ना, काचा लावलेली, तिथे पलंग टाकू. खाली फरशी आहे, पुसायला बरं पडेल. आणि गादीवर रबरी चादर घालू. हिची पण तारांबळ होते हो, ती बोलत नाही एवढंच."

गॅलरी म्हणजे तीन बाजूंनी काच. तिथे उन्हाळ्यातसुद्धा सकाळी फरशीवर पाय ठेववत नसे. मुलगा वाईट नव्हता. बापाची अब्रू सांभाळून, आवाज खाली ठेवून बोलत होता. म्हणूनच म्हाताऱ्याला पळायला कुठे वाट राहिली नव्हती. अंथरूण ओलं करणारा म्हातारा व्हायचं, की थंडी वाजणारं अस्वल? त्याने मुलाचा हात धरला.

"मी मुद्दाम पाणी ओतत होतो. हीटर मिळावा म्हणून. मला थंडी वाजते रे."

आयुष्यात पहिल्यांदा बोलला. म्हटल्यावर छाती हलकी झाली. बायको असती तर म्हणाली असती, सुटलात एकदाचे.

मुलगा आधी हसला. "तुम्हाला? थंडी?" मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्या जागी भीती आली. तो उठून दाराशी गेला. सून तिथेच उभी होती. दार अर्धं उघडंच होतं, आणि म्हाताऱ्याचे पाय गारठले होते, कान नव्हते.

"काय म्हणाले?"

"थंडी वाजते म्हणतात. बाबा! गादीवर मुद्दाम पाणी ओततो म्हणतात." मुलाचा आवाज चिरकला. "नुसतं अंथरुणाचं नाहीये गं हे. डोक्यावर परिणाम झालाय. माझे बाबा मला असे... आणि हीटर त्यांच्या हाती अजिबात द्यायचा नाही आता, कळलं? एखाद्या दिवशी घर पेटवतील."

मुलगा भिंतीला टेकून डोळे पुसत होता. लहानपणी अंधाराला भ्यायचा तेव्हा असाच उभा राहायचा. म्हाताऱ्याने ते फटीतून बघितलं. आता काय करायचं? शपथ घ्यायची? पाय पुढे करून म्हणायचं, बघ हात लावून? असं ज्या एका माणसाला सांगावं लागलं नव्हतं, ते राहिलं नव्हतं.

त्याने घसा साफ केला. "अरे ए! गंमत केली तुझी. मला कसली थंडी?"

मुलगा आत आला. वडिलांचं हसरं तोंड बघून त्याच्या जिवात जीव आला. "काय बाबा! घाबरवलंत ना!" तो हसत म्हणाला, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसले. "मग गादीचं?"

"गादीचं काय, वय झालं," म्हातारा म्हणाला. "गॅलरीतच टाक पलंग. मोकळी हवा मिळेल."

मुलाने दुपारपासून कोपऱ्यात पडलेला हीटर कडी धरून उचलला. सळया केव्हाच काळ्या झाल्या होत्या, पण पत्रा अजून कोमट असावा. वायर उंबऱ्यावरून सरपटत निघाली तसं म्हाताऱ्याच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "घे, माझा नंबर तू घे."

"कसला नंबर, बाबा?"

"काही नाही. पक्ष्यांना गारठा बाधेल, ने लवकर."