अर्ध्या बोटाची टीप

मास्तरांचा हात म्हणजे हात! समोर उभ्या माणसाची कंबर किती, ते नुसत्या नजरेनं सांगायचे, आणि टेप लावली तर पाव इंचाचाही फरक निघायचा नाही. एवढ्या तयारीच्या शिंप्याला स्वतःच्या अंगात काय बिघडलंय ते मात्र दिसू नये, आता बोला! सहा वर्षं झाली होती साखर होऊन. चक्कर आली की गोळी घ्यायची, बरं वाटलं की बंद. डॉक्टरीणबाई रागावल्या की "घेतोय हो," म्हणायचं आणि दवाखान्याच्या पायरीवरच सिगारेट पेटवायची.

मग एका रविवारी दुपारी, दुकान बंद होतं तेव्हा, बायकोजवळ गेलेले मास्तर तसेच मागे फिरले. शरीरानं साथच दिली नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चौथ्या खेपेला बायको त्यांच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "अहो, साखरेनंही होतं म्हणे असं. डॉक्टरांना विचारून तर बघा."

काय चुकलं तिचं? काही नाही. पण मास्तरांना ते असं झोंबलं की विचारू नका. शर्टाची बटणं लावता लावता ते म्हणाले, "माझं काही बिघडलेलं नाही. तू सुटली आहेस. इच्छाच होत नाही."

बायको आधी हसलीच. "काहीतरीच तुमचं! मागच्या वर्षी तुम्हीच शिवलेला राखाडी ड्रेस अजून बरोब्बर बसतो मला."

झालं. गप्प बसली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मास्तरांनी तो राखाडी ड्रेस कपाटातून काढला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि अर्धं बोट आत नवी टीप मारली. जुन्या टाक्यांची भोकं पाणी शिंपडून इस्त्रीनं मिटवली. काम कसं, तर देखणं! त्या आठवड्यात बायकोनं ड्रेस चढवला तर चेन अर्ध्यावर अडकली. मास्तर चहा पीत खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बघ. मी म्हटलं तर राग येतो."

त्या दिवशी ती हसली नाही.

घरातले तिचे सगळे कपडे मास्तरांच्याच हातचे, त्यामुळे एकेक करून सगळे आत गेले. ती दोन वेळांची एक वेळ जेवायला लागली. महिन्याभरात ड्रेस पुन्हा बसू लागला की मास्तर पुन्हा अर्धं बोट आत घ्यायचे. चोर तो चोर, वर शिरजोर! तिच्यासमोर बसून पोटभर जेवायचे, वर ढेकर देऊन विचारायचे, "आज किती खाल्लंस?" ती बोटावर मोजून सांगायची.

मनातून मास्तर खूश होते, ही खरी गोष्ट. रविवारी दुपारी आता त्यांच्याकडून कुणाची कसली अपेक्षा नव्हती. उलट तीच भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आणखी दोन महिने थांबा हं. होते मी बारीक." आणि मास्तर मोठ्या मनानं म्हणायचे, "असू दे, असू दे."

ती शाळेच्या ग्रंथालयात होती. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग शिडीला मिठी मारून उभी राहायची. तिची थोरली बहीण एकदा घरी आली आणि दारातच किंचाळली, "अगं, काय ही दशा! नुसता हाडांचा सापळा झालीस!" बायको म्हणाली, "तू माझी बहीण, तू असंच म्हणणार." बोटातली अंगठी गळून पडायला लागली, तेव्हा तिनं तिला दोरा गुंडाळला. बोटं आधी वाळतात, चरबी पोटावरच बसते, असं तिनं स्वतःला पटवलं.

नवव्या महिन्यात मास्तरांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा झक मारत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता, ताप आहे का विचारावं तितक्या सहज विचारलं, "बायकोबरोबर काही अडचण?" मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, साखरवाल्या कितीतरी पुरुषांना होतं हे. लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं. गोळ्या चुकवू नका, सिगारेट सोडा, रोज चाला. हृदय तपासून यावरचीही गोळी देते."

एवढंच होतं! पाच मिनिटांचं बोलणं. त्यासाठी या माणसानं नऊ महिने सुई चालवली.

या खेपेला मास्तरांनी सगळं नेटानं केलं आणि तीन महिन्यांत गुण आला. रविवारी दुपारी ते हसत बायकोजवळ गेले. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. "अजून नाही हो. अजून नाही झाले मी." मास्तरांनी चादरीत हात घातला, तर हाताला फासळ्या लागल्या. कंबर बावीस. टेप लावायची गरज नव्हती.

त्यांनी सगळं कबूल केलं. तिचे पाय धरले. सगळे ड्रेस पलंगावर आणून तिला आत मारलेल्या टिपा दाखवल्या, तिच्यादेखत त्या उसवल्या. राखाडी ड्रेस पुन्हा जुन्या मापानं शिवून तिला घालायला लावला. तो खुंटीवर टांगल्यासारखा तिच्या अंगावर लोंबला. तिनं आरशात पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि प्रेमानं हसली. "माझ्यासाठी एवढा खटाटोप केलात? कापड जोडून सैल केलात ना?"

"अगं नाही! मीच पापी आहे, मीच..."

"पुरे. मला बरं वाटावं म्हणून स्वतःला दोष लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मास्तर तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात घेऊन गेले. काटा सदतीसवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही जाड आहात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली. "बाई, तोंडावर सगळे गोडच बोलतात. बहीणसुद्धा. खरं सांगणारे घरात हे एकटेच होते." मग तिनं काट्यावरून उतरताना मास्तरांच्या दंडाचा आधार घेतला आणि म्हणाली, "आता तेही तुमच्यासारखंच बोलायला लागलेत."