फुजैराहून दत्ताच्या पादुका आणताना

आमच्या दत्त मंडळाला कधीच काही नियम नव्हते, त्यामुळे पादुका नक्की कोणाच्या हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. आम्ही दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतली सात कुटुंबं. दर गुरुवारी बापटकाकांकडे आरती, प्रसाद आणि भरपूर गप्पा, अशी अकरा वर्षं गेली. चार महिन्यांपूर्वी काकांना डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर, फुजैराच्या तेल टर्मिनलवर नोकरी लागली. नरसोबाच्या वाडीहून आणलेल्या तांब्याच्या पादुका घेऊन ते तिकडे गेले आणि इकडे गुरुवारची माणसं गळायला लागली. मंडळ मोडणार हे दिसतच होतं. "पादुकाच नाहीत तर लोक येतील कशाला?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. पादुका मंडळाच्या, त्या परत आणायच्या. आणणार कोण? मी गप्प बसलो होतो, म्हणून मी! माझा देवावर विश्वास आहे की नाही हे मला विचारू नका. मी जायचो ते माणसांसाठी.

शनिवारी सकाळी सातला निघालो. बरोबर माझी मुलगी ईशा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिला प्राचीन ग्रीकांच्या खाजगी धार्मिक मंडळांवर निबंध लिहायचा होता आणि वाटेत म्लेहाचं उत्खननातल्या वस्तूंचं म्युझियम बघायचं होतं. जाणाऱ्यांसाठी सांगतो: एमिरेट्स रोडला टोल नाही, पण ट्रक फार, लवकर निघा. पेट्रोल पंपावरच्या कॅफेटेरियात दोन दिरहमचा करक चहा घेतला. "पन्नास रुपये झाले की गं," मी सवयीने म्हणालो. ईशाने डोळे फिरवले.

"बाबा, दे वेअर लिटरली यू गाइज," ती गाडीत म्हणाली. अथेन्सच्या बंदरात इजिप्तचे, सायप्रसचे व्यापारी आपापले देव घेऊन येऊन राहिले होते म्हणे. त्यांची मंडळं, ठरलेल्या दिवशी पूजा, एकत्र जेवण. आणि सगळे नियम दगडावर कोरलेले. सभेत भांडलं तर शिक्षा, मंडळातला कोणी गेला तर अंत्ययात्रेला हजेरी. डेलॉस नावाच्या बेटावर एका इजिप्शियन पुजाऱ्याच्या घराण्याचा देव वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत राहत होता. शेवटी देवानेच स्वप्नात येऊन सांगितलं की आता मला स्वतःचं घर हवं. दरवर्षी भाडेकरार रिन्यू करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

"मग देवाच्या वस्तू कोणाच्या? पुजाऱ्याच्या की मंडळाच्या?" मी आशेने विचारलं.

"डिपेंड्स."

"कशावर?"

"ऑन द असोसिएशन, बाबा."

म्हणजे दगडावर कोरूनही प्रश्न तिथेच.

म्लेहाचं म्युझियम छोटं पण छान आहे, दीड तास पुरतो. तिथे म्हणे ग्रीक बेटांवरून आलेल्या मद्याच्या रांजणांच्या मुठी सापडल्या, शिक्का मारलेल्या. त्याबद्दल वाचताना मी चक्रावलो. बाहेर उंट चरतायत आणि आत ग्रीक कुंभाराच्या गोष्टी. कोण कुठून काय घेऊन आलं आणि ते कोणाचं झालं, काही म्हणजे काही कळेना.

पुढचा, फुजैराच्या शेजारच्या कल्ब्याकडे उतरणारा रस्ता सुंदर आहे. काळे डोंगर, बोगदे आणि मग एकदम समुद्र. संपूर्ण वाटेत मी काकांशी वाद घालण्याची तयारी करत होतो. ती सगळी फुकट गेली. घरी पोचलो तर काकांनी पादुका आधीच रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवल्या होत्या.

"ने मिलिंद. मंडळाच्या आहेत, मंडळाकडे जाऊ देत. मंडळ टिकलं पाहिजे."

काकूंनी थालीपीठ वाढलं आणि त्या तडक स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात टर्मिनलवरचा वेल्डर सोजी, मूळचा केरळचा, हातात लाकडी फळी. पॉलिश केलेली, कडेला नक्षी. पादुकांसाठी त्याने स्वतः केली होती. काकांकडे गुरुवारी इथेही दहा-बारा जण जमतात, हे मला तेव्हा कळलं. दोन नेपाळी नर्सेस, एक कोल्हापूरचा क्रेनवाला, असे सगळे. सोजी आरतीचे शब्द मल्याळममध्ये लिहून घेऊन म्हणतो.

"साब, पादुका किधर जाता है?"

"दुबई," मी म्हणालो.

"वापस कब आएगा?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इन्शाल्ला."

परतताना पादुका ईशाच्या मांडीवर होत्या. तिने वस्त्राची गाठ नीट केली. मग म्हणाली, "डिड वुई जस्ट स्टील अ गॉड?" मी म्हणालो, "मंडळाचा ठराव होता." माझं मलाच ते हास्यास्पद वाटलं.

सहल म्हणून विचाराल तर एका दिवसात आरामात होते, जरूर करा. मी मात्र घरी आल्यापासून गोंधळलेलाच आहे. पादुका आल्या म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. गुरुवारी आमच्याकडे आम्ही घरचे तिघं आणि एक जोडपं, एवढेच जमलो. तेही अर्ध्या तासात मुलाच्या स्विमिंग क्लासला पळाले. बाकीच्यांना ट्रॅफिक, क्लायंट कॉल, परीक्षा.

आरती आटोपली आणि माझ्या फोनवर काकांकडून एक फोटो आला. भिंतीवर सोजीची फळी लावलेली, तिच्यावर नुसतं एक फूल आणि समोर हात जोडून बारा माणसं. खाली काकांनी लिहिलं होतं, "इथे सगळे आले. तिकडे किती?"

मी "पाच" लिहिलं, पुसलं आणि "सगळे" लिहून पाठवलं.

लगेच उत्तर आलं, "मग नेल्यास ते बरं झालं रे. मी उगाच जिवाला लावून घेतलं होतं."

आता पादुका परत द्यायच्या तर आधी हे खोटं कबूल करावं लागेल. येत्या शनिवारी गाडी काढायची की नाही, माझं अजून ठरत नाहीये.