जहाज सुटलं, शब्द सुटेनात

मालवाहू जहाजांवर उमेदीची वर्षं घालवलेले आम्ही चार-पाच जण ठाणे-डोंबिवलीत राहतो. महिन्यातून एकदा भेटतो. आमची जहाजं कधीच भंगारात गेली, पण तिथले शब्द जिभेवरून उतरत नाहीत. त्यांनी घातलेले गोंधळ आठवत बसलो की चहा तीनदा गरम करावा लागतो!

*

जहाजावरचा माझा पहिला दिवस. सेकंड ऑफिसर म्हणाला, "हेड साफ करून ये."

डोंबिवलीच्या शाळेत हेड म्हणजे मुख्याध्यापक. म्हणजे इथले हेड कोण? कॅप्टनच! बादली-फडकं घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये उभा. "सर, तुम्हाला साफ करायला पाठवलंय!"

कॅप्टन शांतपणे म्हणाले, "माझी आंघोळ झालीय. हेड म्हणजे संडास, तो समोर आहे."

*

आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हात्रेकाका. रिटायर झाल्यावर एकदा पुतण्याच्या होडीतून ठाण्याच्या खाडीत गेलेले. धक्का जवळ आला तसे दोर हातात घेऊन ओरडले, "फास्ट कर रं, फास्ट कर!"

जहाजावर 'फास्ट कर' म्हणजे दोर बांध. पुतण्याने इंजिन फास्ट केलं! काकांचा एक पाय धक्क्यावर, दुसरा होडीत...

चिखलातून काका वर आले, तेव्हा पुतण्या लांबून विचारत होता, "अजून फास्ट?"

*

नवं लग्न झालेलं. सुट्टीवर घरी आलो आणि दुपारी झोपेतून दचकून उठलो. "माझी वॉच!" मला म्हणायची होती ड्युटी. बायकोने धावत जाऊन कपाटातलं मनगटी घड्याळ आणून दिलं.

आता रिटायर झालो, तरी अधूनमधून दचकतोच. ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणते, "झोपा. वॉच माझी आहे."

*

उल्हास नदीला पूर आलेला, तेव्हाची गोष्ट. म्हात्रेकाकांची बहीण, आक्का, शहाडला राहायची. तळमजला बुडालेला, ही पहिल्या मजल्यावर, पाय मोडलेला. खाली बोटीत मी आणि काका. वर गॅलरीत दोन शेजारी आणि आडोशाला आलेला एक अनोळखी माणूस. तिला खुर्चीला बांधून ते दोराने खाली सोडत होते.

खुर्ची भिंतीवर आपटायला लागली. काका ओरडले, "सोडू नका!" पाण्याच्या आवाजात वर ऐकू गेलं फक्त "सोडू"!

खुर्ची धाडकन हातभर खाली. आक्का किंचाळली.

काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "हबेस!" जहाजावर वर ओढायला आम्ही हेच ओरडायचो. शेजारी बघतच राहिले, पण त्या अनोळखी माणसाने झटक्यात दोर वर खेचला.

काका क्षणभर थबकले. मग खाली सोडायचा हुकूम दिला, "आरिया! हलके आरिया..."

खुर्ची इंचाइंचाने उतरली. आक्का बोटीत टेकली.

काकांनी वर बघून हात जोडले. "कोनच्या जहाजावर व्हतास रं, भाऊ?"

"जहाज? मी मेट्रोच्या कामावर असतो काका, क्रेनवर. तिथंही हबेस-आरियाच चालतं. समुद्र अजून बघितलेला नाही!"