रोग पिकवणारे नाना

नानांनी उभ्या आयुष्यात रोग पिकवला. गव्हाच्या पानावर तांबेरा नावाची विटकरी बुरशी येते, तीच त्यांची पेरणी, तीच राखण आणि तेच पीक. नगरजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात ते कायम मजूर होते. मी तिथं पदवीचा कागद घेऊन रुजू झालो आणि खरं शिक्षण या माणसाकडून घ्यायचंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

शेतकरी रोग दिसला की फवारतो. आमच्याकडे सगळं उलटं. मधे गव्हाच्या शेकडो ओळी, कडेनं रोगाला चटकन बळी पडणारा जुना गहू, आणि मग तांबेऱ्याला आवतण. टिकेल ती ओळ ठेवायची, बाकीच्या मरू द्यायच्या. थंडी पडली की नाना बुरशीची पूड पाण्यात कालवून दिवेलागणीला पिकावर मारत; रात्रीच्या दवानं पान भिजलं की ती रुजते. नाताळलासुद्धा हा गृहस्थ चर्चमधली उपासना आटोपून, नव्या सदऱ्यावर जुना कोट चढवून हजर! मी म्हणालो, "नाना, आज तरी घरी थांबायचं."

"आज दव पडनार हाय साहेब. तांबेऱ्याला कुठला आलाय नाताळ?"

काष्टीला, म्हणजे त्यांच्या गावी, याचा एवढा बोभाटा झाला होता की गव्हाच्या दिवसांत त्यांना कुणी बांधावरून जाऊ देत नसे. बाजारात ओळखीचे लोक मुद्दाम चार हात लांबून नमस्कार करत. नाना हसत, पण त्यांचे नियम त्या लोकांपेक्षा कडक होते. रोगाच्या रानातले कपडे केंद्रातल्या नळावरच धुवायचे, आंघोळ केल्याशिवाय एसटीत पाय ठेवायचा नाही. आणि स्वतःच्या दोन एकरांत त्यांनी गहू कधी पेरलाच नाही. "घरच्या रानात जवारी अन् कांदा. गहू फकस्त केंद्राचा." चपातीचं पीठ त्यांच्याकडे दुकानातून यायचं.

जनुकं मी पुस्तकात शिकलो होतो. नानांनी ती मला बांधावर बसून समजावली. "रोगाला आडविनारं जनुक म्हंजी कुलूप. एका कुलपाचं घर कवातरी फुटतंच. बुरशी काय गप बसती व्हय? ती बी चाव्या घडवत ऱ्हाती." म्हणून एकाच दाण्यात दोन कुलपं आणायची, हा केंद्राचा ध्यास होता. दोन जातींचा तो संकर नानांनीच केला होता. चिमट्यानं एकेका फुलातले केसर काढायचे, कागदी पिशवी बांधायची, दुसऱ्या जातीचे पराग आणून टाकायचे. त्याच्या पुढच्या पिढ्यांतून निवडत निवडत निघाली ती सत्तेचाळीस नंबरची ओळ. भोवतीचं रान विटकरी झालं तरी ही हिरवीगार. नाना तिला 'पोरगी' म्हणायचे. कुणी मोठे साहेब आले की त्यांना तिच्यापाशी नेऊन उभं करायचे.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा हंगाम आणि पोरगीची शेवटची चाचणी एकदमच आली. टिकली तर ती जात म्हणून शेतकऱ्यांना मिळणार होती. "एकदा ही सुटली का माज्या रानात पयला गहू हिचाच," नाना येता-जाता सांगत.

एक काम मात्र काही वर्षांपूर्वीच राहून गेलं होतं. दोन्ही जनुकं या ओळीत आहेत ना, हे पानांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून तपासायचं. अर्ज मीच भरायचा होता. तेव्हा मी नानांना विचारलं, तर ते फुशारून म्हणाले, "तीस वरसं पानं बघतोय साहेब. मशीन काय निराळं सांगनार?" मलाही तेच ऐकायचं होतं. अर्ज खणात गेला.

माघातल्या एका सकाळी नोंदी घ्यायला गेलो, तर नाना सत्तेचाळीसच्या ओळीत गुडघे टेकून बसले होते. ओल्या पंच्यानं एकेक पान पुसत होते. तांबेरा पानाच्या आत मुरलेला असतो, वर दिसते ती नुसती पूड, हे मला ज्यानं शिकवलं तोच माणूस पानं पुसत होता. पंचा विटकरी झाला होता. खरं सांगतो, ती पुसलेली पानं निरोगी म्हणून नोंदवायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

नानांनी वर पाहिलं आणि बरबटलेली बोटं माझ्यापुढं धरली.

"लिवा साहेब. बळी पडली म्हनून लिवा."

"नाना, पुढच्या हंगामात बघू की परत."

"लिवा म्हन्तो ना! शेतकऱ्याच्या रानात गेल्यावर तिची पानं कोन पुसत बसनार हाय?"

मी लिहिलं. मग तो अर्जही भरला. उत्तर आलं की ओळीत एकच जनुक आहे. दुसरं निवडीच्या सुरुवातीलाच कधीतरी गळून गेलं होतं. पहिलं कुलूप इतकं पक्कं होतं, की दुसरं लागलंय की नाही हे डोळ्यांना दिसायची सोयच नव्हती. आता बुरशीला त्या एकाची चावी सापडली होती. वेळेवर तपासलं असतं तर पुन्हा संकर करायला नानांच्या हातात काही वर्षं तरी उरली असती. हे मी त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "नगं तर मीच म्हनलो हुतो." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली. नंतर ते शेडमध्ये आले आणि सत्तेचाळीसच्या बियाण्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"टाकून दिऊ नगा. फुडच्या साली कडंला लावा. रोग चांगला धरंल."

दोन वर्षांत नाना गेले. मातीला काष्टीला गेलो, तेव्हा त्यांच्या रानात ज्वारी उभी होती.

दोन कुलपांची ओळ आम्हाला अजून साधलेली नाही. त्या कामाचं पुढं काय होणार हेही आता कुणी सांगत नाही. सत्तेचाळीस मात्र मी दरवर्षी कडेनं पेरतो. तांबेरा आधी तिच्यावर चढतो आणि तिच्यावरून मधल्या ओळींवर उतरतो. नाना म्हणाले होते तसंच आहे, पोरगी रोग चांगला धरते.