त्या उजेडाची साक्ष

"हा उजेड किती दिवसांपासून दिसतोय तुम्हाला?" यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं. माझी हनुवटी त्यांच्या मशीनवर टेकलेली होती. डोळ्यांत औषध घालून तास झाला होता, आणि इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना.

कारण खरं उत्तर असं होतं की उजेड दिसतोय ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या आठवड्यापासून, आणि तो देवानं दाखवला अशी साक्ष मी भर सभेत देऊन बसलो आहे.

"सतरा दिवस," मी म्हणालो.

"रेटिनल डिटॅचमेंट आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. ओल आली की भिंतीचा रंग पोपडा धरून सुटतो ना, तसा तुमचा पडदा सुटलाय. तो ओढला जातो तेव्हा चमक दिसते. तोच तुमचा उजेड. उद्याच्या उद्या नागपूर गाठा."

माझी बायको संगीता बाजूलाच उभी होती. त्या सभेत ती पहिल्या रांगेत होती. आम्ही बाहेर आलो, रिक्षा केली, एसटी स्टँडवर चहा घेतला, आणि दोघांपैकी कोणीही त्या साक्षीचं नाव काढलं नाही.

मी घाटंजीतल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत तरुणांचा पाळक, म्हणजे पास्टर आहे. वय चौतीस. सातवीपासून जाड भिंगाचा चष्मा. वाचायचं वेड आहे आणि त्याचा थोडा गर्वही आहे, थोडा म्हणजे भरपूर. शनिवारी आमचं वाचन मंडळ भरतं. भक्तिपर, मननाची पुस्तकं आम्ही तिथं वाचतो. खरं सांगायचं तर मी वाचतो आणि बाकीचे ऐकतात. हातात लाल-निळी पेन्सिल घेऊनच मी पुस्तक उघडायचो. हे वाक्य रविवारच्या उपदेशात चालेल, हे शिबिरात चालेल, हे अमक्याला चांगलं लागेल. माझ्यासाठी म्हणून मी कित्येक वर्षांत एक पान वाचलं नव्हतं, आणि हे मला ठाऊकही नव्हतं.

यंदा उपासकाळात मी एक वेळ जेवायचो. पहाटे डोळे मिटून प्रार्थनेला बसलं की उजव्या कोपऱ्यात चमक उठायची, रुपेरी, कमानीसारखी. दोन-तीन दिवस गप्प राहिलो. मग राहवलं नाही. शनिवारच्या सभेत उभा राहिलो आणि सांगितलं की प्रभू मला उजेड दाखवतो आहे. लोक रडले. पुढच्या शनिवारी सतरंजी कमी पडली. मला फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू. मग काळे ठिपके तरंगायला लागले. त्यांना फ्लोटर्स म्हणतात, डोळ्यासमोर चिलटं फिरावीत तसे दिसतात. मी म्हटलं, उपासाची अशक्तता असेल. म्हणजे उजेड देवाचा आणि ठिपके अशक्तपणाचे, अशी माझी सोयीची वाटणी. एका सकाळी उजव्या डोळ्यात खालून काळी सावली चढली आणि संगीताचा चेहरा हनुवटीपासून नाकापर्यंत गायब झाला, तेव्हा कुठं दवाखाना आठवला.

नागपूरला व्हिट्रेक्टमी झाली. यात डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि आत गॅसचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर चढतो. म्हणून माणसानं तोंड जमिनीकडं ठेवलं की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. सर्जन म्हणाले, "ऑपरेशन माझं संपलं, आता तुमचं सुरू. दहा दिवस मान खाली. जेवताना, झोपताना, बोलताना. दृष्टी किती परत येईल, आज सांगत नाही. पडद्याचा मधला भागही सुटला होता. उशीर झालाय."

उशीर झालाय, हे दोन शब्द मी घाटंजीपर्यंत घोकत आलो.

कोणावर ही वेळ आली तर एवढं सांगतो, पहिले दोन दिवस कठीण जातात. मी स्टुलावर बसायचो, समोर दोन लहान टेबलं, त्यांवर एकेक उशी, टेबलांमधल्या फटीत तोंड. ताट जमिनीवर. मान दगड होते. घरात येणारा माणूस पायांवरून ओळखायची सवय लागते. आणि वाचन बंद. डावा डोळा चांगला होता, पण सर्जननी मनाई केली होती. मी चिडचिड करून संगीताचा जीव खाल्ला. शेवटी तिनं तरुण संघातल्या मुलांना वाचून दाखवायला बोलावलं. दोघं-तिघं एकेक दिवस आले आणि कामाला लागले. नेमानं आली ती सुलोचना.

सुलोचना बावीस वर्षांची, मनोहरभाऊंची मुलगी. मनोहरभाऊ बाजारात शिलाई मशीन घेऊन बसतात. ती घरी काज-बटणाचं काम करते. बोट ठेवून, अडखळत वाचते. याच कारणानं दोन वर्षांपूर्वी मी रविवारच्या उपासनेत शास्त्र वाचणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं होतं. तिला कारणही सांगितलं नव्हतं. ती दुपारी यायची, खाली बसायची आणि कृपेवरचं एक जुनं, मुखपृष्ठ गळालेलं पुस्तक वाचायची.

पहिल्या दिवशी माझा संताप झाला. एक पान वीस मिनिटं. "हा परिच्छेद सोड," मी म्हणायचो.

"कायले सोडू? लिवला हाय तं असन काई कामाचा," ती म्हणायची आणि वाचायची.

पेन्सिल हातात नव्हती. वाक्य पळवून न्यायची सोय नव्हती. ते माझ्या मानेवर बसून राहायचं. तिसऱ्या दिवशी तिनं वाचलं की कृपा मिळालेल्या माणसाला स्वतःबद्दल मोठं दिसायची गरज उरत नाही. हे वाक्य मी पूर्वी निळ्या पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. समासात लिहिलंही होतं: तरुणांसाठी.

त्याच पानावर ती थांबली. "पास्टर, एक सांगू? बाबालेबी तसाच उजेड दिसून राह्यला. तुमची साक्ष आयकली, त्याच्या आठेक दिसानं. दोन हप्ते झाले. माह्याशिवाय कोनाले सांगत नाई ते. मशीनवर बसल्या बसल्या डोये पुसते."

मंडळीला मी ऑपरेशनचं कळवलं होतं, सगळ्यांनी प्रार्थना केली होती. पण त्या उजेडाचं मी एका शब्दानं बोललो नव्हतो. साक्ष तशीच उभी ठेवली होती, कारण ती मागं घ्यायची मला लाज वाटत होती. आणि इकडं एक शिंपी स्वतःचा डोळा जाताना देवाचे आभार मानत होता.

"सुलोचना, तो देवाचा उजेड नव्हता. पडदा सुटत होता माझा. त्यांना आजच्या आज डॉक्टरकडं ने."

तिचे पाय उठले आणि दारातून गेले. मग मी संगीताला फोन तोंडाखाली धरायला सांगितलं आणि मंडळीच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, की मी दिलेली साक्ष चूक होती, तो माझा आजार होता, आणि कोणाला असं काही दिसत असेल तर लगेच डोळे तपासा. दोन मिनिटांचं बोलणं.

तासाभरात मनोहरभाऊ आले. मला दिसले फक्त त्यांचे पाय, पायजम्याला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ते सरळ जमिनीवर उताणे आडवे झाले, माझ्या तोंडाखाली डोकं सरकवलं आणि खालून माझ्याकडं पाहिलं.

"फोनवर बोलले ते खरं काय?"

"खरं आहे, भाऊ."

"तुमाले कवा समजलं?"

"यवतमाळलाच. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हाच."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"लाज वाटली."

ते छताकडं पाहावं तसं माझ्याकडं पाहत राहिले. त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. "मले वाटलं होतं, पास्टर, एकडाव तरी देवानं माह्याकडं पाह्यलं."

माझ्या डोळ्यातलं पाणी सरळ त्यांच्या कपाळावर पडलं. वाकलेल्या माणसाचं पाणी गालावर थांबत नाही. मला त्यांना काहीतरी चांगलं वाक्य द्यायचं होतं. वर्षानुवर्षं गोळा केलेली शेकडो होती. एकही देववेना. "मला माफ करा," एवढंच म्हणालो. "आणि सकाळच्या गाडीनं जा. तुमचा डोळा गेला तर मला सहन होणार नाही."

"तुमी सांगतलं नसतं तं मी गेलो नसतो," ते म्हणाले आणि उठले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाचा फोन आला. पडद्याला चीर होती, पण पडदा सुटलेला नव्हता. डॉक्टरबाईंनी तिथंच लेझर केलं. म्हणजे चिरेभोवती उजेडाच्या किरणानं बारीक डाग देऊन पडदा पक्का टाचला. त्या म्हणाल्या, "वेळेवर आले. आणखी थांबले असते तर यांचंही ऑपरेशन करावं लागलं असतं." माझ्या जिवात जीव आला. मी खाली मान घालूनच प्रार्थना केली. नाहीतरी दुसरी सोय नव्हती.

माझा बुडबुडा विरायला दीड-दोन महिने लागले. गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखा तो रोज हलायचा आणि थोडा थोडा लहान व्हायचा. उजव्या डोळ्याला आज माणसं दिसतात, अक्षरं वाकडी दिसतात. सर्जन म्हणतात, एवढंही आलं हे पुष्कळ. मलाही आता तसंच वाटतं. चमक दिसली, ठिपके वाढले, सावली चढली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा; प्रार्थना रस्त्यानं जाताना करा, ती पोचते.

वाचन मंडळ चालू आहे. आता आळीपाळीनं सगळे वाचतात, मी खाली बसतो. रविवारच्या यादीत सुलोचनाचं नाव पुन्हा घातलं, आणि दोन वर्षांपूर्वी ते का काढलं होतं तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं."

परवा बाजारात मनोहरभाऊंकडं सदऱ्याचं बटण लावून घ्यायला गेलो. त्यांनी दोरा ओठांत ओला केला, सुई उन्हाकडं धरली आणि पहिल्याच खेपेला ओवली. मग सुई तशीच माझ्यापुढं धरली. मी डावा डोळा मिटून पाहिलं. मला सुई दिसली, दोरा काही दिसला नाही.

"दिसला काय, पास्टर?"

"नाही, भाऊ."

"मले दिसते," ते म्हणाले, आणि बटण शिवायला लागले.